रिगा: मध्यवर्ती बाजाराच्या आधाराने एक काटकसरीचा दिवस

बाल्टिक देशांमधून लांब पल्ल्याच्या बसने फिरणाऱ्या प्रवाशाला लाट्व्हियाची राजधानी रिगा येथे एक मोठी सोय मिळते: बसस्थानक, रेल्वेस्थानक, मध्यवर्ती बाजार आणि जुने शहर ही सारी ठिकाणे एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. आम्ही उभयतांनी येथे घालवलेला दिवस संपूर्णपणे पायी होता, आणि त्याचा खर्च आटोक्यात राहिला तो मुख्यतः या बाजारामुळे. म्हणून हे परीक्षण आधी बाजाराचे आहे आणि मग त्याच्या आधाराने पाहिलेल्या शहराचे.

दौगावा नदीजवळ उभी असलेली बाजाराची पाच प्रचंड दालने लांबूनच ओळखू येतात. पहिल्या महायुद्धात जर्मन लष्कराने झेपेलिन ही वायूने भरलेली प्रचंड हवाई जहाजे ठेवण्यासाठी लाट्व्हियातील वाइन्योदे येथे उभारलेल्या कोठारांच्या वरच्या भागांचे सांगाडे येथे आणून त्यांवर ही छते उभारण्यात आली, आणि १९३० मध्ये बाजार सुरू झाला. युद्धाच्या कामासाठी तयार झालेले लोखंड पुढे शहराला अन्न पुरवण्याच्या कामी आले, ही गोष्ट मला रिगातील कोणत्याही स्मारकापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. १९९७ पासून जुन्या शहराबरोबर हा बाजारही युनेस्कोच्या जागतिक वारसा क्षेत्रात मोडतो. तरीही तेथे प्रवेशशुल्क नाही, आणि स्थानिक माणसे आजही पिशव्या घेऊन तेथे रोजची खरेदी करताना दिसतात.

माझी पत्नी शाकाहारी आहे, त्यामुळे युरोपात कमी पैशांत पोटभर जेवण मिळवणे आम्हाला एरवी अवघड जाते. येथे ती अडचण जवळजवळ उरली नाही. राय या धान्याचा काळा, किंचित आंबूस पाव तुकड्यावरही मिळतो. दुधाच्या दालनात ‘बिएझपिएन्स’ हा आपल्या चक्क्याच्या जवळचा, पण अधिक रवाळ पदार्थ वजनावर घेता येतो. आणि भाजीच्या दालनात शेपू व लसूण घालून खारवलेल्या काकड्या, आंबवलेली कोबी आणि तिखटसर गाजराची कोशिंबीर विक्रेते पिंपातून काढून देतात. एवढ्या सामग्रीत दोघांची न्याहारी होते आणि दुपारची शिदोरीही बरोबर घेता येते. मासे खाणाऱ्यांसाठी माशांचे स्वतंत्र दालन आहे, आणि तेथील धुरी दिलेल्या माशांसाठी मी पुन्हा रिगाला जाण्यास तयार आहे. शाकाहारी वाचकांना मात्र एक सूचना आवश्यक वाटते: करडे वाटाणे हा लाट्व्हियाचा प्रसिद्ध पदार्थ नावावरून निरुपद्रवी वाटला, तरी तो बहुधा डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबरच शिजवलेला असतो.

बाजारातून निघून सेंट पीटर चर्चच्या दिशेने चालू लागले की जुने शहर लगेच सुरू होते. १२०१ मध्ये स्थापन झालेल्या या शहराने जर्मन व्यापारी, स्वीडिश, रशियन आणि सोव्हिएत अशा अनेक सत्ता पाहिल्या. टाउन हॉल चौकातील ‘हाउस ऑफ द ब्लॅकहेड्स’ ही अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाची नक्षीदार इमारत १९४१ मध्ये युद्धात उद्ध्वस्त झाली, १९४८ मध्ये तिचे अवशेषही हटवण्यात आले, आणि १९९९ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. ती बाहेरून पाहून आमचे समाधान झाले. ‘तीन भाऊ’ म्हणून ओळखली जाणारी तीन जुनी घरे आणि जुन्या तटबंदीतील १६९८ चे स्वीडिश दार पाहण्यासही पैसे पडत नाहीत.

पैसे खर्च करण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल, तर ती दोम कॅथीड्रलमधील ऑर्गनवादनाची असावी, असे माझे ठाम मत आहे. १८८४ मध्ये वाल्कर कंपनीने घडवलेल्या या वाद्याला ६,७१८ नळ्या आहेत. येथे ठराविक दिवशी दुपारी सुमारे वीस मिनिटांचे छोटे वादन असते आणि त्याचे तिकीट संध्याकाळच्या पूर्ण मैफलीपेक्षा स्वस्त पडते. खालच्या पट्टीतील स्वर लाकडी बाकातून अंगाला जाणवतात. सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी तेवढेच पैसे मोजण्यापेक्षा हा अनुभव आम्हाला कितीतरी मोलाचा वाटला.

कालव्याकाठच्या बागेजवळ १९३५ मध्ये लोकवर्गणीतून उभारलेले ४२ मीटर उंचीचे स्वातंत्र्यस्मारक आहे. सोव्हिएत काळात येथे फुले वाहणे धोक्याचे होते; तरीही १४ जून १९८७ रोजी ‘हेलसिंकी-८६’ या मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या गटाने, सोव्हिएत सत्तेने १९४१ मध्ये केलेल्या हद्दपारीतील बळींच्या स्मरणार्थ येथे जाहीरपणे फुले वाहिली. हा इतिहास ठाऊक असला, तर स्मारकाच्या पायथ्याशी आजही दिसणाऱ्या फुलांकडे पाहणाऱ्याची नजर बदलते.

तेथून पुढे आल्बेर्ता रस्ता आणि एलिझाबेतेस रस्त्यावरील १०ब क्रमांकाची इमारत गाठावी. मिखाइल आयझेनश्टाइन या वास्तुविशारदाने, म्हणजे चित्रपट दिग्दर्शक सेर्गेई आयझेनश्टाइन यांच्या वडिलांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुखवटे, सिंह, मोर आणि किंकाळी फोडणारे चेहरे दर्शनी भिंतींवर अक्षरशः उधळले आहेत. रिगाच्या मध्यभागातील सुमारे एक तृतीयांश इमारती आर्ट नूवो या वळणदार रेषांच्या, नक्षीदार शैलीच्या आहेत. ही कला भिंतींच्या बाहेरच्या अंगावर असल्यामुळे ती पाहण्यासाठी वेळ आणि मान वर करण्याची तयारी एवढेच लागते. येथे घाई करू नये. समोरच्या पदपथावर उभे राहून एकेक मजला पाहावा.

उणिवाही सांगणे योग्य ठरेल. जुन्या शहरातील फरसबंदी खडबडीत आहे आणि पातळ तळव्यांच्या चपलांनी पाय लवकर दुखू लागतात. दोम चौकाभोवतीच्या उपाहारगृहांचे दर बाजारातील दरांच्या तुलनेत बरेच चढे वाटले. बाजारातही खाऊगल्लीसारख्या भागातील तयार जेवण सुट्या पदार्थांपेक्षा महाग आहे, म्हणून तेथे बसण्यापूर्वी फलकावरील भाव वाचावा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्यामुळे रिकामी बाटली बरोबर ठेवल्यास तोही खर्च वाचतो.

हा बेत मे ते ऑगस्ट या काळात सर्वांत चांगला जमतो, कारण जूनमध्ये रात्री दहानंतरही आकाशात उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो; त्या दिवसांत जाणाऱ्यांनी हा क्रम उलटा करून आल्बेर्ता रस्ता सकाळी पाहावा आणि छताखाली असलेला बाजार दुपारसाठी ठेवावा.