अल्बिनो ब्रिसलनोजच्या नावाने विकलेले सकर

सांगलीतल्या मासे विकणाऱ्या एका दुकानातून मी अल्बिनो (रंगहीन) ब्रिसलनोज प्लेको या टँकमध्ये पाळायच्या छोट्या माशाची सहा पिल्ले नगाला ३५० रुपये देऊन घेतली आणि ती सहाही सकर निघाली. काच साफ ठेवतो म्हणून जो मासा प्रत्येक दुकानात 'सकर' किंवा 'क्लीनर' या नावाने मिळतो, त्याचीच ती पिवळट-पांढरी अल्बिनो पैदास होती आणि मिरजेत तिचा भाव तेव्हा ६० रुपये होता. नुकसान फक्त पैशांचे असते तर मी हे लिहिलेही नसते. ब्रिसलनोज पूर्ण वाढला तरी दहा ते तेरा सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, तर सकर तीस सेंटिमीटर सहज ओलांडतो आणि चाळीसच्या पुढेही जातो. तीन फुटी टँकमध्ये पहिल्याचे सारे आयुष्य सुखात जाते. दुसऱ्याला त्याच टँकमध्ये काही काळाने नीट वळताही येत नाही.

हे दोन्ही मासे दक्षिण अमेरिकेतले, लोरिकॅरिडी या एकाच कुळातले. या कुळाची ओळख म्हणजे अंगावर हाडांच्या तकट्यांच्या अनेक रांगा आणि खालच्या बाजूला चिकटून धरणारे वाटोळे तोंड. ब्रिसलनोजची प्रजाती (जीनस) अँसिस्ट्रस आणि सकरची टेरिगोप्लिक्थिस. साध्या रंगाच्या माशांत गोंधळ कमी होतो, कारण सकरच्या अंगावर बिबट्यासारखी नक्षी असते आणि ब्रिसलनोज काळपट असून त्यावर बारीक फिकट ठिपके असतात. अल्बिनोमध्ये रंगच नसल्याने ही खूण नाहीशी होते, आणि नेमका त्याचाच फायदा या व्यवहारात घेतला गेला.

दुकानदाराने खोटे असे फारच थोडे सांगितले. पिल्लांच्या शेजारच्या टाकीत त्याने एक पूर्ण वाढलेला, नाकावर फांद्या फुटलेल्या मिशांचा खरा अल्बिनो ब्रिसलनोज नर ठेवला होता आणि "हा यांचा बाप" असे म्हणून तो दाखवत होता. पिल्लांना मिशा का नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला की लहानपणी त्या नसतातच आणि मादीला मोठेपणीही नावापुरत्याच असतात. हे दोन्ही अगदी बरोबर आहे. ब्रिसलनोजच्या नराला मिशा दिसू लागतात त्या साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा झाल्यावर. पिल्ले काचेला चिकटून शेवाळ खरवडत होती, तेही बरोबर, फक्त ते दोन्ही जातींची पिल्ले करतात. सगळे खरे तपशील ब्रिसलनोजचे होते आणि समोरचे मासे ब्रिसलनोज नव्हते. मला या फसवणुकीतला सर्वांत चलाख भाग हाच वाटतो, कारण पुस्तकात किंवा इंटरनेटवर पडताळून पाहिले तरी त्याचे एकेक वाक्य खरेच ठरत होते.

संशय आला तो वाढीवरून. वाळूवर ड्रिफ्टवूडचे, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचे, तुकडे, लपायला मातीच्या नळ्या, आठवड्यातून काही वेळा दुधीची किंवा काकडीची चकती, अशी सगळी तयारी मी ब्रिसलनोजसाठी केली होती. थोड्याच महिन्यांत पिल्लांनी झाडे मुळासकट उपटायला सुरुवात केली, नळ्यांत ती मावेनाशी झाली आणि रात्री टँकमधल्या एंजल माशांच्या अंगावर चिकटून त्यांचा चिकट थर खरवडू लागली. सकरची ही खोड जुन्या हौशी लोकांना चांगली ठाऊक आहे. चपट्या, संथ माशांबरोबर त्याला ठेवू नये असे ते सांगतात ते त्यामुळेच.

मग मी पाठीवरच्या परातल्या (फिनमधल्या) काड्या मोजल्या. हीच खरी परीक्षा आहे आणि तिला रंग, मिशा किंवा वय यांपैकी काहीही आड येत नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. ब्रिसलनोजच्या पाठीच्या परात पुढे एक जाड काटा आणि त्यामागे साधारण सात मऊ काड्या असतात. सकरच्या परात काट्यामागे नऊपेक्षा कमी काड्या सहसा नसतात, बहुधा दहा ते तेरा असतात. त्यामुळे सकरचा पर शिडासारखा उंच आणि बुडाशी लांब असतो, आणि तो मिटला की शेपटीजवळच्या छोट्या परापर्यंत जवळजवळ पोचतो. ब्रिसलनोजमध्ये त्या दोहोंत स्पष्ट मोकळी जागा राहते. तीन-चार सेंटिमीटरच्या पिल्लातही हा फरक दिसतो. अडचण एवढीच की मासा दुकानात शांत बसलेला असताना पर मिटून ठेवतो. त्यासाठी पिल्लू सरळ काचेच्या छोट्या पेटीत घेऊन बाजूने मोबाइलवर जवळून फोटो काढावा. जाळीने हलवले की तो पर उभारतो आणि मग फोटो मोठा करून काड्या सावकाश मोजता येतात. माझ्या एकाही माशाच्या परात दहापेक्षा कमी काड्या नव्हत्या. त्या दुकानात गिऱ्हाइकाला द्यायची पिल्ले आधीच पिशवीत भरून ठेवलेली असत आणि "ऑक्सिजन जाईल" म्हणून पिशवी उघडली जात नसे, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

फोटो घेऊन मी दुकानात गेलो तेव्हा उत्तर मिळाले की तुमच्याकडे बोअरचे पाणी आहे, पाणी जड असले की मिशा येत नाहीत. सांगली भागात बोअरचे पाणी जड असते यात शंका नाही, पण त्याने परातल्या काड्या वाढत नाहीत. शिवाय घरात पैदास केलेले ब्रिसलनोज मऊ पाण्यापासून बऱ्यापैकी जड पाण्यापर्यंत सगळीकडे राहतात आणि अंडीही घालतात. वाद वाढल्यावर त्याने जो सल्ला दिला तो मात्र फसवणुकीपेक्षा गंभीर होता. "फार मोठे झाले तर कृष्णेत सोडून द्या," तो म्हणाला.

घरच्या टँकमधून सुटलेला सकर केरळच्या कालव्यांपासून पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपर्यंत भारतात अनेक ठिकाणी पसरला आहे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो हवा गिळून जठरातून श्वास घेतो, त्यामुळे घाण पाण्यातही तगतो. नर काठाच्या मातीत मीटरभर खोल बिळे करून त्यांत अंडी राखतो आणि काठ ढासळतात. त्याच्या काट्यांनी आणि खरखरीत अंगाने मच्छिमारांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला किंमत मिळत नाही. नदीत नाही तर सांगलीच्या काळ्या खणीत किंवा मिरजेच्या गणेश तलावात सोडू, असा विचार करणाऱ्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर आठवावेत. पुराचे पाणी शहरभर पसरते तेव्हा कोणता मासा कुठून कुठे गेला हे कुणाच्याही हातात राहत नाही.

माझ्या एका मित्राला याच दुकानातून 'पिग्मी कोरी' मिळाले. कोरी हेही चिलखती कॅटफिशच, पण कॅलिक्थिडी या वेगळ्या कुळातले. त्यांच्या अंगाच्या प्रत्येक बाजूला तकट्यांच्या फक्त दोन रांगा असतात, तोंडाशी स्पर्शाच्या मिशा असतात आणि चिकटणारे तोंड नसते. खऱ्या पिग्मीच्या बाजूवर तोंडापासून शेपटीपर्यंत एक सलग काळी रेघ असते, तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो आणि कोरीत नवल म्हणजे बराच वेळ पाण्याच्या मधल्या थरात थव्याने पोहतो. मित्राच्या माशांवर रेघ नव्हती, तुटक ठिपके होते. ती साध्या ब्राँझ कोरीची पिल्ले होती आणि आता ती पिग्मीच्या दुप्पट झाली आहेत. तिथेही विक्रेत्याने एका खऱ्या गोष्टीचा आडोसा घेतला: "कोरीची नावे आता बदलली आहेत." २०२४ साली कोरीडोरास या मोठ्या प्रजातीची खरोखरच विभागणी झाली आणि पिग्मी गॅस्ट्रोडर्मस या प्रजातीत गेला. नाव बदलले म्हणून अंगावरची रेघ कुठे जात नाही, एवढे मित्राने त्याला ऐकवले. गुलाबी किंवा निळे कोरीही तिथे आहेत. ते रंगवलेले अल्बिनो असतात आणि रंग उतरतो, त्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

पैसे मी यूपीआयने दिले होते, पण मिळालेल्या चिठ्ठीवर फक्त 'मासे, ६ नग' एवढेच होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना उपयोगी पडले. त्यानंतर दुकानदार पूर्ण पैसे द्यायला तयार झाला, पण मासे परत करण्याच्या अटीवर. ते परत त्याच टाकीत जाऊन दुसऱ्या कुणाला विकले जातील हे दिसत असल्यामुळे मी ती अट मानली नाही आणि दोन भावांमधला फरक तेवढा घेतला. मासे माधवनगरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात सांभाळायला घेतले आहेत. आता कुठलाही चिलखती मासा घेताना मी पावतीवर 'ब्रिसलनोज' किंवा 'पिग्मी कोरी' असे नाव लिहून मागतो आणि पैसे देण्याआधी त्याच पिल्लाचा बाजूने काढलेला फोटो स्वतःजवळ ठेवतो. नाव लिहायला नकार देणारी दोन दुकाने आतापर्यंत भेटली आणि दोन्हीकडून मी काही न घेता परतलो.