रिजिड ॲक्सल टाकलेल्या थारला तयार बंपर: माल कसा, फिटिंग कसं

बंपर दणकट आहे, सोबत आलेले ब्रॅकेट या गाडीला निरुपयोगी आहेत, आणि फिटिंग करणाऱ्या शेडला दहापैकी आठ. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. ज्यांच्या गाडीखाली ॲक्सल बदललेला आहे त्यांनी मात्र पुढचं वाचूनच बंपरची ऑर्डर द्यावी.

गाडी महिंद्राची जुनी थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची). तिचं पुढचं टॉर्शन बारवालं इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) रिजिड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध ॲक्सल बसवलेला, आणि मूळच्या २३५/७० आर १६ ऐवजी ३१ इंची टायर. बंपर बाहेरून मागवलेला, तयार स्टीलचा, मधे विंचचा (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या मोटरचा) पाळणा असलेला. फिटिंग सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये, जिथे एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि उसाचे ट्रेलर बनतात. हे सांगायचं कारण असं की ट्रॉली बनवणाऱ्याला चासी, पाटे आणि पिन-बुश कळतात. शहरातल्या ॲक्सेसरीच्या दुकानाला कळतात ते लाइट आणि सीट कव्हर.

कायद्याचं आधी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुल बार आणि क्रॅश गार्डवर (गाडीच्या तोंडाला बाहेरून लावलेल्या अशाच लोखंडी संरक्षणावर) कारवाई करायला सांगितलेलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ॲक्सल बदलणं हाही बदलच. त्यामुळे एमएच-१३ ची पाटी लावून अशी गाडी सात रस्त्याला मिरवायची नाही. शेत, खाजगी ट्रॅक, स्पर्धा, आणि तिथवर ट्रेलरवर चढवून न्यायची. ‘सगळेच लावतात’ हे पोलिसांपुढे चालत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनीपुढे तर त्याहून नाही.

आता मुद्द्याचं. तयार बंपर बनवणारा मूळ गाडीची मापं घेऊन बनवतो. मूळ गाडीत चासीच्या पुढच्या टोकाखाली मोकळी जागा असते. पाट्यांवरचा ॲक्सल टाकला की त्याच जागेत पाट्याचा हँगर (चासीवरचा आधार) आणि शॅकल (पाट्याचं टोक धरणारी झुलती कडी) येते. किटमधला ब्रॅकेट सहा मिलिमीटर पत्र्याचा, एल आकाराचा, एका बाजूला दोनच बोल्ट, आणि त्याचा खालचा ओठ चासीखाली सुमारे ६० मिलिमीटर मागे वळलेला. हा ओठ थेट शॅकलच्या वाटेत येतो.

गाडी उभी असताना ओठ आणि शॅकलमध्ये बोटभर फट दिसते. ही फट फसवी असते. पाट्याचा मागचा डोळा (टोकाची पिन बसणारी गुंडाळी) पक्का आणि पुढचा शॅकलवर असेल, तर पाटा दबून सपाट होताना लांबीने वाढतो आणि ती सगळी वाढ पुढच्या टोकाला जाते. १,००० मिलिमीटर लांबीच्या, १०० मिलिमीटर कमान असलेल्या पाट्याचं गणित केलं तर पूर्ण सपाट होईपर्यंत पुढचा डोळा साधारण २५ मिलिमीटर पुढे सरकतो. ॲक्सल त्याच्या निम्मा, म्हणजे १२-१३ मिलिमीटर. थोडक्यात, चाक वर जाताना पुढेही येतं. पहिल्याच खड्ड्यात शॅकल ब्रॅकेटवर आपटते, पाट्याला पुढे जायला जागा उरत नाही, आणि ताण हँगरच्या वेल्डवर आणि पिनवर जातो. लोक दोष पाट्यांना देतात.

शॅकल मागे आणि पक्का डोळा पुढे अशी रचना असेल तर उलटं होतं. चाक दबताना मागे जातं, बंपरला त्रास नाही, पण टायर मागे बॉडीला लागतो का ते बघावं लागतं. बंपर मागवण्याआधी आपल्या गाडीत शॅकल कुठल्या टोकाला आहे हे वाकून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

शेडला आठ गुण दिलेत ते या टप्प्यासाठी. इतर ठिकाणी बंपर टेकवून, खडूने खूण करून लगेच ड्रिल लावतात. इथल्या मिस्त्रींचं म्हणणं, “मालक, आधी चाक फिरवून बघू, भोक काय कवाबी पाडता येतंय.” चासी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, यू-बोल्ट सोडून पाट्यांची चळत खोलली आणि दोन्ही बाजूंना फक्त मुख्य पाटा ठेवला, म्हणजे साध्या जॅकने ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत (त्याची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरापर्यंत) सहज उचलता येतो. चाकं लावलेली. मग एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली, या अवस्थेत स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत. मग बाजू बदलून तेच. बंपर तोवर साखळीच्या चेनपुलीवर टांगलेला, कुठेही पक्का केलेला नाही.

यात दोन गोष्टी उघड्या पडल्या. एक, डावीकडे पूर्ण वळवलं की उजवं चाक किंगपिनभोवती (चाक ज्यावर वळतं त्या पिनेभोवती) फिरताना पुढे येतं आणि टायरचा बाहेरचा खांदा बंपरच्या टोकाला घासतो. उजवीकडे वळवलं की डाव्या चाकाचं तेच. ३१ इंची टायरचा व्यास साधारण ७८७ मिलिमीटर, मूळ टायरचा ७३५, म्हणजे नुसत्या टायरनेच २६ मिलिमीटर जागा पुढून खाल्ली. त्यात पाट्याने दिलेले १२-१३. बंपरचे दोन्ही पंख टोकाकडून ९० मिलिमीटर कापून ४५ अंशात वळवले, तोंडाला चार मिलिमीटरचा पत्रा लावून बंद केले. सगळ्यात वाईट अवस्थेत टायर आणि लोखंडात ४० मिलिमीटर फट राहिली पाहिजे. त्याहून कमी ठेवली तर ट्रेडमध्ये चिखल बसल्यावर ती उरत नाही, आणि आपली काळी माती टायरला कशी लगडते हे मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या माणसाला सांगायला नको.

दुसरं, स्टिअरिंग बॉक्स. सीआरडीईची मूळ स्टिअरिंग रॅक काढून उजव्या चासीवर बॉक्स बसवलेला असतो आणि त्याचे बोल्ट नेमके किटच्या प्लेटमागे येतात. सोपा रस्ता म्हणजे लांब बोल्ट घालून बॉक्स आणि बंपर एकाच बोल्टात आवळणे. असं बरेच जण करतात. करू नये. विंचची ओढ त्या बोल्टांवर आली की बॉक्सच्या भोकांपाशी चासीला चीर जाते, आणि ती चीर बॉक्सच्या मागे लपलेली असल्याने दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. इथे प्लेटला बॉक्सच्या आकाराची खाच कापून बंपरचे बोल्ट वेगळे घेतले.

नवे ब्रॅकेट शेडमध्येच बनले. आठ मिलिमीटर प्लेट, चासीच्या बाहेरच्या अंगाला ३०० मिलिमीटर मागेपर्यंत नेलेली, खाली ओठ नाही. प्रत्येक बाजूला चार एम-१२ बोल्ट, एका ओळीत न घेता तिरके-पुढेमागे. चासी बंद पेटीची असेल तर आत नळी घालणं सक्तीचं समजा: बाहेरून २० आणि आतून १३ मिलिमीटरची, पेटीच्या रुंदीएवढी कापलेली. नळी नसेल तर बोल्ट आवळताना पेटीच्या भिंती आत दबतात, आवळल्यासारखं वाटतं आणि चार फेऱ्यांत सैल पडतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघून घ्या. ८.८ च्या एम-१२ ला साधारण ८५ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर), १०.९ ला १२० च्या आसपास. किटमधल्या काही बोल्टांवर आकडाच नव्हता, ते बाजूला काढले.

इथे शेडचा एक गुण कापला. टॉर्क रेंच नाही. लांब पाइप लावून ‘अंदाजाने’ आवळायची सवय ट्रॉलीला चालते, इथे नाही. रेंच आपली घेऊन जावी.

दुसरा गुण वेल्डिंगच्या रॉडसाठी. डी-शॅकलचे (ओढायचा दोर अडकवायच्या कडीचे, पाट्याची शॅकल वेगळी) कान बंपरच्या पत्र्यावर नुसते बाहेरून चिकटवलेले असतील तर ते शोभेचे. कान २० मिलिमीटर प्लेटचा, पत्र्यातून आरपार जाऊन मागे ब्रॅकेटला भिडलेला आणि दोन्ही अंगांनी वेल्ड केलेला हवा. ४.७५ टनी डी-शॅकलची पिन २२ मिलिमीटर असते, त्यामुळे भोक २४-२५ पुरे. आणि या वेल्डला ६०१३ रॉड नको, ती गेट-ग्रिलची रॉड. इथे ७०१८ लागते, तीही ओव्हनमध्ये तापवून कोरडी केलेली. शेडमध्ये आधी ६०१३ च लावायला घेतली होती, सांगितल्यावर बदलली. न सांगता बदलली असती तर नऊ दिले असते. सीआरडीईत वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढायचा, आणि अर्थचा चिमटा कामाच्या जवळ लावायचा. ते त्यांनी न सांगता केलं.

बंपरच्या मालाबद्दल तक्रार नाही. पत्रा खरंच चार मिलिमीटर भरला, व्हर्नियर लावून मोजला. चार मिलिमीटर पत्र्याचं वजन चौरस मीटरला ३१.४ किलो, त्यावरून विक्रेत्याने सांगितलेलं वजन पटतं का ते घरबसल्या ताडता येतं. वाकवण्या साफ, भोकं लेझरची. विंचच्या पाळण्यातली भोकं १० इंच बाय साडेचार इंच या नेहमीच्या मापाला तंतोतंत, फेअरलीडचीही (दोर बाहेर येतो त्या तोंडाची) १० इंचांवर. ९,५०० पौंडी विंच सरळ बसली. फक्त विंचच्या क्लचच्या दांड्यापर्यंत हात जायला वरची खिडकी अपुरी, ती बोटभर वाढवावी लागते.

वजनाचा हिशेब मात्र विक्रेता कधी सांगत नाही. बंपर, विंच, ब्रॅकेट, बोल्ट धरून ८० किलोच्या आसपास जातं, आणि हे वजन ॲक्सलच्या साधारण ६०० मिलिमीटर पुढे लटकतं. थारचा व्हीलबेस २,४३० मिलिमीटर. तरफेचं गणित मांडलं की पुढच्या ॲक्सलवर ८० नव्हे, १०० किलो वाढतात आणि मागचे २० कमी होतात. म्हणून क्रम असा ठेवा: ॲक्सल, पाटे, मग विंचसकट बंपर टांगून उंची मोजणे, आणि शेवटी भोकं. नाक फार बसत असेल तर एक पाटा वाढवा. नुसत्या लांब शॅकलने उंची भरून काढली तर कॅस्टर (किंगपिनचा पुढेमागे कल) बिघडतो आणि स्टिअरिंग भरकटतं.

सोलापूरचा म्हणून एक वेगळा मुद्दा, आणि तो बाहेरच्या कुठल्याही माहितीपत्रकात नाही. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला टेकतो. विंच आणि बंपरचा बंद पत्रा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरसमोर भिंत उभी करतो. किटचा मधला भाग वरपर्यंत बंद होता. विंचच्या वरून आणि खालून प्रत्येकी दोन आडव्या खाचा कापून घेतल्या, कडांना दहा मिलिमीटरची सळी वेल्ड केली म्हणजे कापलेला पत्रा लवत नाही. विंच आणि ग्रिलमध्ये जितकी जागा सोडता येईल तितकी सोडा. हळू गियरमध्ये चढताना वारा नसतोच, तिथे पंखा जेवढी हवा ओढेल तेवढीच.

उन्हाचा दुसरा मार विंचच्या दोरावर. सिंथेटिक दोर हलका आणि तुटला तर तारेसारखा उसळत नाही, पण ऊन त्याला खातं. कॅनव्हासची खोळ शिवून घ्या, नव्या पेठेत बॅगवाले शिवून देतात. सिंथेटिक दोराला गुळगुळीत ॲल्युमिनियमचं हॉज फेअरलीड, तारेला रोलरचं. तारेने ओरबाडलेल्या रोलरवर नवा दोर घालणं म्हणजे दोर कापायला देणं.

वायरिंगचं काम शेडला देऊ नका, ते त्यांचं नव्हे. पूर्ण ओढीला ही विंच १२ व्होल्टवर ४०० अँपिअरपर्यंत खाते. ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपाशी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच), सायलेन्सर आणि चाकापासून लांब नेलेला रस्ता, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

पावडर कोटिंग विक्रेत्याने करून पाठवलं होतं आणि पंख कापल्यावर अर्थातच जळालं. ॲक्सल बदललेल्या गाडीसाठी मागवताना बंपर बिनरंगाचा, नुसता प्रायमर मारलेला मागा. पैसेही वाचतात. कापणी-जोडणी झाल्यावर फॉस्फेटिंग (गंज रोखणारा रासायनिक थर) आणि मग कोटिंग. त्याआधी बंपरच्या पोटात, सगळ्यात खोल जागी, दहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून घ्या. काळ्या मातीचा गाळ आत शिरला की वाळत नाही, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून कुजतो.

भाव इथे लिहिण्यात अर्थ नाही, लोखंडाचा दर हलत राहतो. शेडवाले किलोवर मजुरी सांगतात. कापणी, नळ्या आणि चाक फिरवून बघण्याची मेहनत त्यात धरली आहे का ते आधीच विचारा. विक्रेत्याला ब्रॅकेट वगळून भाव मागा. पहिली फेरी झाली की बंपरचे आठही बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा रेंच लावून बघा, चासीला भोकांपाशी रंग तडकलाय का तेही. पाट्याच्या शॅकलला पांढरा रंग मारून ठेवला तर ती कुठे टेकली हे रंगावरच कळतं.