राहण्यासाठी सज्ज म्हणून घेतलेली जुनी शिडाची नौका: मुंबई बंदरातील एका मोसमाचा अनुभव

36 फूट लांबीची, एका डोलकाठीची, फायबरग्लासची ही जुनी नौका आम्ही उभयतांनी गेल्या पावसाळ्यानंतर विकत घेतली आणि ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंतचा बहुतेक काळ गेटवेसमोरच्या मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून, तिच्यातच राहून काढला. नौका युरोपात बांधलेली. एका परदेशी दांपत्याने भूमध्य समुद्रात वर्षानुवर्षे राहण्यासाठी ती सजवलेली होती आणि पुढे एका भारतीय मालकाकडून ती आमच्याकडे आली. विक्रीच्या जाहिरातीत सौर पॅनेल, शीतपेटी, ऑटोपायलट, गुंडाळता येणारे पुढचे शीड, किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी होडी म्हणजे डिंगी आणि समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारा वॉटरमेकर अशी भरगच्च यादी होती. त्यांपैकी वॉटरमेकर फेब्रुवारीत बंद पडला, आणि दुरुस्तीला आलेल्या कारागिराने जे अंदाजपत्रक हातात ठेवले ते पाहिल्यावर हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

बाकीच्या गोष्टी आधी थोडक्यात सांगतो. सांगाडा उत्तम आहे; खरेदीपूर्वी नौका पाण्याबाहेर काढून, ओलावा मोजण्याचे यंत्र लावून आम्ही तळाची तपासणी करून घेतली होती, आणि इतक्या जुन्या फायबरग्लासवर अपेक्षित असणारे ओलाव्याचे फोड अगदी मोजके निघाले. डोलकाठीला धरणाऱ्या पोलादी तारा आम्ही लगेच बदलल्या, कारण त्या कधी बसवल्या याचा कागद विक्रेत्याकडे नव्हता, आणि तारेचा भरवसा तिच्या वयावर असतो, चकाकीवर नाही. डिझेल इंजिनाने एकदाही तक्रार केली नाही. शिडांबद्दल माझी कसलीच कुरकुर नाही. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारा हलका मतलई वारा आणि दुपारनंतर वायव्येकडून भरणारा खारा वारा यांच्या आधारे दक्षिणेकडच्या खांदेरी बेटापर्यंत जाऊन संध्याकाळच्या आत परत येणे हे सुख या नौकेने भरभरून दिले.

आता पाण्याविषयी. मुंबईत मुरिंगवर राहणाऱ्याला धक्क्याला नौका लावून नळ जोडण्याची सोय नसते. पाणी 20 लिटरच्या कॅनमधून डिंगीने आणावे लागते, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, तेव्हा ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या पायऱ्यांवरून भरलेले कॅन उतरवणे हे साठीकडे झुकलेल्या माणसाने रोज करण्याचे काम नव्हे. त्यामुळे ताशी 25 लिटर गोडे पाणी देणाऱ्या यंत्राचा उल्लेख वाचल्यावर आम्ही विक्रेत्याने मागितलेल्या किमतीत फारशी घासाघीस केली नाही. आमच्या हिशेबी स्वभावाला ते यंत्र म्हणजेच निम्मी नौका वाटले होते.

हे यंत्र चालते कसे ते लक्षात घेतले, तरच पुढचे सारे कळते. खारे पाणी सुमारे 55 ते 60 बार इतक्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पन्नासपटीहून अधिक, दाबाने एका पातळ पापुद्र्यावर (मेम्ब्रेनवर) ढकलले जाते. मीठ अलीकडे राहते आणि थोडे गोडे पाणी पलीकडे झिरपते. या आकाराच्या यंत्रात साधारण 100 लिटर समुद्रजल ओढले, तर 10 लिटरच्या आसपास गोडे पाणी मिळते आणि उरलेले अधिक खारट होऊन परत समुद्रात जाते. म्हणजे पिण्याच्या प्रत्येक लिटरमागे दहा लिटर बंदराचे पाणी गाळण्यांतून जाते, आणि मुंबई बंदराचे पाणी म्हणजे खाड्यांनी आणलेला बारीक गाळ, भरती-ओहोटीच्या प्रवाहाने तळापासून ढवळून वर आलेला चिखल आणि त्यावर लाँचेसच्या तेलाचा तवंग. भूमध्य समुद्राच्या स्वच्छ पाण्यात अनेक आठवडे टिकणारी 5 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणी इथे एका सकाळीच तांबूस होऊन बंद पडायची. गाळ निदान गाळणीत अडतो, पण तेल पापुद्र्यापर्यंत पोहोचले तर तो कायमचा निकामी होतो. विक्रेत्याच्या यादीत यातले काहीच नव्हते, आणि अशा कोणत्याही यादीत ते मला आजवर आढळलेले नाही.

फेब्रुवारीत दाबाचा काटा खालीवर नाचू लागला आणि पाणी येईनासे झाले. आलेल्या कारागिराने काटा पाहिला, पंपाला हात लावून पाहिला आणि उच्च दाबाचा पंप व पापुद्रा हे दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले. दोन्ही परदेशातून मागवायचे, निम्मी रक्कम आगाऊ द्यायची, आणि नुसत्या तपासणीचे पैसे वेगळे. मी गाळण्यांची झाकणे उघडून पाहण्याची विनंती केली, तेव्हा त्याची गरज नसल्याचे उत्तर मिळाले. तपासणीचे पैसे मी दिले, आगाऊ रक्कम दिली नाही, आणि त्यावरून जी बोलाचाली झाली तिचा मला आजही राग आहे. नंतर निवांतपणे पाहिले असता खारे पाणी आत घेणाऱ्या पहिल्या जाळीच्या झाकणातील रबरी रिंग कडक होऊन तडकलेली दिसली. पंप तिथून पाण्याबरोबर हवा ओढत होता, आणि हवा मिसळली की दाब स्थिर राहत नाही. नागदेवी स्ट्रीटवर त्या मापाची रिंग एका चहाच्या किमतीत मिळाली. ज्या कामाला परदेशातून मागवलेले सुटे भाग आणि दोन महिन्यांची मुदत सांगितली गेली होती, ते दुपारच्या जेवणाआधी उरकले.

यंत्र सुरू झाले, तरी बंदरात ते वापरण्याजोगे नाही हे माझे मत कायम होते. मार्चपर्यंतच्या टिपणांत मी असे लिहून ठेवले होते की, मुंबईत राहणाऱ्याने जुनी नौका घेताना वॉटरमेकरची किंमत शून्य धरावी आणि त्या पैशात चांगल्या बॅटऱ्या घ्याव्यात. ते मत आता मी बदलत आहे. मार्चअखेर आम्ही दक्षिणेकडे निघालो; मुंबईपासून सुमारे 40 सागरी मैलांवर जंजिऱ्याजवळ मुक्काम केला आणि तेथून जयगडपर्यंत गेलो. किनारा सोडून पाणी निळसर होईपर्यंत आत गेल्यावर यंत्र चालवले, तर त्याच 5 मायक्रॉनच्या गाळणीने संपूर्ण सफर काढली. घरच्या शुद्धीकरण यंत्रासाठी वापरतो त्या मीटरवर निघालेल्या पाण्याचे क्षार लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या आत होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 500 आहे. माहितीपत्रकातील आकडे 25 अंश तापमानाच्या पाण्यासाठी दिलेले असतात, आणि आपला समुद्र त्याहून उबदार असल्याने पाणी थोडे जास्त निघते, पण त्यात क्षारही थोडे जास्त उतरतात. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा मीटरवरचा आकडा वर दिसला म्हणून लगेच पापुद्रा बाद ठरवू नये.

बंदरातही अगदी अडचणीच्या वेळी थोडे पाणी करता येते, हे आम्हांला ससून डॉकच्या एका वयस्क तांडेलाने, म्हणजे मच्छीमार नौकेच्या प्रमुखाने, शिकवले. "काका, पाणी घ्यायचंच असेल तर भरती टिपेला लागल्यावर घ्या, आणि तेही भांगाच्या दिवसांत. ओहोटी लागली की खाडीचा सगळा चिखल इथूनच बाहेर जातो," असे ते म्हणाले. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस. पहाटे लाँचेस सुरू होण्याआधी, भांगाच्या भरतीला तासाभरापुरते यंत्र चालवल्यावर गाळणी खरोखर दुप्पट टिकली. ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

काटकसरीच्या दृष्टीने आणखी एक सांगणे महत्त्वाचे आहे. आमच्या यंत्रातील गाळण्यांची भांडी प्रमाणित 10 इंची निघाली, त्यामुळे घरगुती फिल्टरच्या कोणत्याही दुकानातील स्वस्त काडतूस, म्हणजे गाळणीचा आतला बदलायचा भाग, त्यांत बसते. ज्या यंत्राला फक्त स्वतःच्याच कंपनीची गाळणी चालते, ते मुंबईत घेऊ नये, मग ते कितीही नवे असो. मात्र पापुद्रा धुताना पालिकेचे पाणी सरळ सोडू नये. त्यातील क्लोरीन माणसाला हितकर असले, तरी या पापुद्र्याला जाळून टाकते, आणि म्हणून धुण्याच्या नळीवर कार्बनची गाळणी असलीच पाहिजे. आमच्या नौकेत तिचे भांडे होते, पण आत काडतूस नव्हते. पापुद्रा तरीही शाबूत राहिला, याचे कारण आधीच्या मालकांनी तो स्वतः बनवलेल्या पाण्यानेच धुतला असावा.

या सगळ्यात अनपेक्षित आनंद दिला तो स्वयंपाकाच्या ओट्याखालील पायाने दाबायच्या दोन साध्या पंपांनी. एक गोड्या पाण्याचा आणि एक खाऱ्या पाण्याचा. जाहिरातीत त्यांचा उल्लेखही नव्हता. विजेच्या पंपाचा नळ उघडला की भांडे विसळताना लिटरभर पाणी सहज जाते. पायाने दाबताना हात मोकळे राहतात आणि लागेल तेवढेच पाणी येते. समुद्रात असताना भांडी आधी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळण्याची सवय सौभाग्यवतींनी लावली, तेव्हा टाकी आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट दिवस पुरू लागली. आजच्या घडीला मला कोणी नौकेतील एकच वस्तू ठेवून बाकी काढून न्यायला सांगितले, तर मी हे पंप ठेवीन. शीतपेटी वीज फार खाते आणि मे महिन्यात ती असून नसल्यासारखी होती, इतकेच तिच्याबद्दल पुरे.

आता नौका पावसाळ्यासाठी पाण्याबाहेर काढली आहे. जूनपासून या किनाऱ्यावर लहान नौकेने राहण्याचा प्रश्नच येत नाही. यंत्र महिनोन्महिने बंद राहणार असल्याने पापुद्र्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या खाद्य दर्जाच्या सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण, आम्हीच समुद्रात बनवलेल्या पाण्यात कालवून, त्यात भरून ठेवले आहे. जुनी नौका पाहायला जाणाऱ्यांनी विक्रेत्याला वॉटरमेकर बंदरात नव्हे, तर खांदेरीच्या बऱ्याच पुढे नेऊन अर्धा तास सलग चालवून दाखवण्यास सांगावे, पहिल्या जाळीचे झाकण स्वतः उघडून रबरी रिंग बोटाने दाबून पाहावी, आणि पापुद्रा मागच्या पावसाळ्यात कशात भरून ठेवला होता हे विचारावे. याचे उत्तर देता आले नाही, तर नव्या पापुद्र्याची पूर्ण किंमत मागणीतून वजा करूनच पुढचे बोलावे.