उरलेले पैसे पाठवायच्या आठवड्यात खातं बदललं

ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, नथी करून विकणं हा माझा साताऱ्यातला घरगुती व्यवसाय. मोती आणि मणी मी वर्षानुवर्षं मुंबईहून, भुलेश्वरमधून आणायचे. तिथल्या दुकानांतही बराच माल चीनमधल्या इवू शहरातून येतो, हे कळल्यावर आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी कोड काढला आणि तिथल्या एका कंपनीशी थेट बोलणं सुरू केलं.

कंपनीचा परवाना मागवून त्यावरचा १८ अंकाक्षरी क्रमांक चीन सरकारच्या नोंदणीच्या साइटवर पडताळला. कुरियरने नमुने आले. मोती दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवले, नखाने खरवडून पाहिले, थर सुटला नाही. मग २०२३ च्या दिवाळीआधी, लग्नसराईसाठी २८०० डॉलरची ऑर्डर दिली. ३० टक्के आगाऊ, म्हणजे ८४० डॉलर, बँकेतून पाठवले. ते पोचले. पोती भरल्याचे फोटोही आले.

उरलेले १९६० डॉलर पाठवायचे त्याच आठवड्यात मेल आला. ‘आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, त्यात पैसे अडकतील. सोबतच्या इनव्हॉइसवरच्या खात्यात पाठवा.’ सुरुवात ‘डिअर सिस्टर’ अशी होती, विक्री सांभाळणारी ती मुलगी कायम तसंच लिहायची. खाली आमचा जुना पत्रव्यवहार होता, त्यात माझीच वाक्यं. इनव्हॉइसवर तोच लाल गोल शिक्का. दोन दिवसांत पैसे आले तर माल याच जहाजाने जाईल, असंही लिहिलं होतं. माझ्याकडे तीन दुकानांच्या ऑर्डरी होत्या. मी पैसे पाठवले. १ लाख ६२ हजारांच्या वर गेले.

नऊ दिवसांनी त्याच मुलीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: माल गोदामात पडून आहे, बाकी कधी पाठवताय?

माझ्या भाचीने दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवले आणि पत्त्यावर बोटं ताणून अक्षरं मोठी केली. कंपनीच्या नावात इंग्रजी ‘एम’ होता. नव्या पत्त्यात त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं चिकटून बसली होती. मोबाइलवर ती हुबेहूब ‘एम’ दिसतात. ते पाहून माझे हातपाय गार पडले.

कंपनी खरी होती, माल खरा होता, ती मुलगीही खरी होती. तिच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी शिरून मेल आपोआप पुढे जाण्याची सेटिंग करून ठेवली होती. महिनाभर तो आमचं बोलणं वाचत होता आणि पैसे पाठवायच्या वेळेची वाट पाहत होता. म्हणून सांगते, नुसतं ‘कंपनी खरी आहे का’ एवढं पाहून थांबू नका. पूर्वी अशा व्यापारात वीचॅट या चिनी ॲपवर समोरासमोर बोलणं व्हायचं. जून २०२० मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली, आणि माझ्यासारख्यांचा सगळा भार मेलवर आला.

आणखी एक खूण समोर होती, ती मला वाचता येत नव्हती. परदेशी पैसे पाठवताना बँकेची ओळख म्हणून लागणाऱ्या स्विफ्ट कोडमधलं पाचवं आणि सहावं अक्षर देशाचं असतं. चीनचं ‘सीएन’, हाँगकाँगचं ‘एचके’. माझ्या नव्या खात्यात ‘जीबी’ होतं, म्हणजे ब्रिटन. इवूच्या मण्यांचे पैसे ब्रिटनला का जावेत? लाभार्थी म्हणून नाव कंपनीचंच लिहिलं होतं, पण परदेशातल्या खात्याचं नाव आणि क्रमांक जुळतात का, हे आपली बँक तपासत नाही.

बँकेने पैसे परत मागण्याचा संदेश धाडला. समोरून उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोलिसांत गेले.

त्यापुढचा त्रास कुणी सांगत नाही. तेव्हाच्या नियमानुसार आगाऊ पैसे पाठवले की सहा महिन्यांत माल आणून त्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, बँकेला द्यावा लागायचा. आयातीच्या पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत तशी नोंद राहते. कंपनीने ८४० डॉलरचा माल पाठवला, त्याचा कागद मी दिला. १९६० ची नोंद मात्र उघडीच. पोलिसांकडची कागदपत्रं घेऊन मी चार वेळा बँकेत गेले. पैसे गेले, वर मीच परदेशात पैसे पाठवून माल न आणणारी ठरले, हे मला फार लागलं.

आता पहिल्या ऑर्डरच्या वेळीच खाते क्रमांक वहीत लिहून घेते. प्रत्येक हप्त्याआधी, आधीपासून माझ्याकडे असलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल करते आणि समोरच्याला तो क्रमांक वाचून दाखवायला लावते. मेलमध्ये आलेल्या नव्या नंबरवर फोन करत नाही, तो नंबरही चोराचाच असू शकतो.

खातं बदलल्याचा मेल येऊन तुमचे पैसे गेले असतील, तर समोरच्याला जाब विचारण्यात वेळ घालवू नका. पैसे पाठवल्याची पावती घेऊन आधी बँकेत जा, आणि वाटेतच १९३० लावा. मला नऊ दिवस उशीर झाला होता.