सर्जरी, सुलताना आणि कॉट : गंगापूर रोडवरील एका इंग्रजी वर्गाचा अनुभव

मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला आणि मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक झाल्यापासून आम्हा दोघांच्या इंग्रजीची परीक्षा जवळजवळ रोजच होते. बँकेत ३४ वर्षे इंग्रजीतून पत्रव्यवहार केलेला असल्यामुळे मला या भाषेचे भय कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या हिवाळ्यात मुलीने ‘बाळाला घेऊन सर्जरीत चालले आहे’ असा निरोप पाठवला, पुढचा तासभर तिचा फोन लागला नाही आणि आमच्या घरातील देव अक्षरशः पाण्यात पडले. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या साध्या दवाखान्यालाही ‘सर्जरी’ म्हणतात आणि नातीला केवळ सर्दी झाली होती, हे समजल्यावर पत्नीने मला न विचारताच नाशिकच्या गंगापूर रोडवरील या रविवारच्या वर्गात आम्हा दोघांची नावे घातली.

परदेशी असलेल्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना ब्रिटिश आणि अमेरिकन व्यवहारातील शब्दांचा फरक समजावून देणे, एवढाच या वर्गाचा हेतू आहे. सहा रविवार, दर वेळी दोन तास, माणशी १,८०० रुपये शुल्क आणि सोबत झेरॉक्स केलेली ३२ पानी पुस्तिका. आमच्या तुकडीत १४ जण होते आणि त्यांपैकी बहुतेक साठी ओलांडलेले.

वर्ग जिना चढून गेल्यावर पहिल्या मजल्यावर भरतो आणि शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात त्या जिन्यापासूनच केली, हे मला फार आवडले. आपण बसलो आहोत तो मजला लंडनच्या हिशेबाने पहिला, पण न्यूयॉर्कच्या हिशेबाने दुसरा. कारण अमेरिकेत तळमजल्यापासूनच मोजणी सुरू होते. मजल्याचा हिशेब चुकला तर फार तर जिन्याचा एक फेरा वाढतो, पण ‘पेव्हमेंट’चे तसे नाही. इंग्लंडमध्ये तो पादचाऱ्यांचा फूटपाथ असतो, तर अमेरिकेत त्याच शब्दाने गाड्या धावतात तो पक्का रस्ता समजला जातो. तेव्हा ‘पेव्हमेंटवरून चाला’ हा लीड्समधला काळजीचा सल्ला न्यू जर्सीत अपघाताला निमंत्रण ठरेल, असे बाई म्हणाल्या आणि वर्गाला हसू आवरेना.

खाण्यापिण्याच्या शब्दांचा तास मात्र अर्ध्यावर येईपर्यंत नीरस होता. पुस्तिकेत दोन रकाने आहेत, एक ब्रिटिश शब्दांचा आणि दुसरा अमेरिकन शब्दांचा, आणि आपण ते पाठ करावेत अशी अपेक्षा. ब्रिटनमध्ये ‘चिप्स’ म्हणजे बटाट्याच्या गरम तळलेल्या कांड्या आणि पाकिटातल्या चकत्या ‘क्रिस्प्स’. अमेरिकेत पाकिटातल्या चकत्या ‘चिप्स’ आणि गरम कांड्या ‘फ्राइज’. इथे पत्नीने विचारले, ‘‘मग आपण वेफर्स म्हणतो ते कोणाचे?’’ बाई क्षणभर थांबल्या. वेफर म्हणजे दोन्ही देशांत पातळ, कुरकुरीत बिस्किट. बटाट्याच्या चकत्यांना ते नाव आपल्याकडेच चिकटले. पत्नीच्या या प्रश्नाने वर्गाचा नूर पालटला, कारण त्यानंतर बाईंनी फळ्यावर तिसरा रकाना आखला आणि त्यावर ‘आपण’ असे लिहिले. पुस्तिकेत हा रकाना नाही, ही माझी या वर्गाविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे. कारण आपला घोटाळा दोन अनोळखी शब्दांमध्ये होत नाही, तर ओळखीच्या शब्दाने भलताच अर्थ पुढे केल्यामुळे होतो.

तिसऱ्या रविवारी पिंपळगावकडील एक बागायतदार घरचे बेदाणे घेऊन आले, तो तास मी विसरणार नाही. पुस्तिकेत ‘सुलताना म्हणजे गोल्डन रेझिन’ एवढीच एक ओळ होती. बागायतदारांनी मूठभर हिरवट पिवळे बेदाणे कागदावर पसरले आणि सांगितले की हा थॉमसन सीडलेस. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि तेल घातलेल्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवली की असा रंग टिकतो. ब्रिटिश दुकानात रेझिन, सुलताना आणि करंट अशा तीन वेगवेगळ्या पुड्या मिळतात. त्यांतला करंट हा बारीक, काळा बेदाणा असून त्याचे नाव कॉरिंथ या ग्रीक शहरावरून आले आहे. अमेरिकेत याच थॉमसन सीडलेसची उन्हात वाळवलेली तपकिरी फळे म्हणजे साधी रेझिन, आणि गंधकाची प्रक्रिया करून सोनेरी राखलेली ती गोल्डन रेझिन. ‘‘आणि मनुका कुठे गेल्या?’’ असे मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, त्यावर बागायतदारांनी बी असलेल्या आणि बी नसलेल्या फळांवर जे दहा मिनिटांचे विवेचन केले, त्यात इंग्रजीचा एकही शब्द नव्हता आणि तरीही तो त्या वर्गातील उत्तम तास होता.

माझ्या स्वतःच्या व्यवसायाच्या शब्दांनी मला मात्र चकवले. ब्रिटनमध्ये हॉटेलात ‘बिल’ मागवून ते ‘नोटां’नी भागवतात, तर अमेरिकेत ‘चेक’ मागवून तो ‘बिलां’नी भागवतात. ज्या शहरात नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, तिथल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला नोटेला ‘बिल’ म्हणणे जड जाते. आपला करंट अकाउंट तिकडे चेकिंग अकाउंट होतो आणि धनादेशाचे स्पेलिंगही बदलते. स्पेलिंगच्या निमित्ताने बाईंनी नोआ वेब्स्टर यांची माहिती चांगली सांगितली. त्यांचा सुमारे ७०,००० शब्दांचा कोश १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘कलर’मधील यू हे अक्षर अमेरिकेतून हद्दपार होण्यात त्यांचा मोठा वाटा होता, मात्र जिभेसाठी असलेल्या ‘टंग’ या शब्दाचे त्यांनी सुचवलेले सुटसुटीत स्पेलिंग लोकांनी मुळीच स्वीकारले नाही.

पुस्तिकेत काही सरळ चुका आहेत. ‘सॉकर’ आणि शरद ऋतूसाठी वापरला जाणारा ‘फॉल’ हे दोन्ही शब्द अमेरिकनांनी बनवले, असे तिच्यात छापले आहे. वास्तविक १८६३ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाल्यानंतर ‘असोसिएशन’ या शब्दाची विद्यार्थ्यांनी केलेली मोडतोड म्हणजे सॉकर, आणि ‘फॉल’ तर सोळाव्या शतकातील इंग्रज माणसे वापरत होती. तिकडे गेलेल्यांनी तो जपला, घरी राहिलेल्यांनी टाकून दिला. मी हे दाखवून दिल्यावर बाईंनी मोकळेपणाने मान्य केले आणि पुढच्या वेळी दुरुस्तीचा कागद वाटला, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. औषधांचे पान मात्र मुळातच नाही आणि ही उणीव क्षम्य नाही. पॅरासिटामॉल ब्रिटनमध्ये याच नावाने मिळते, पण अमेरिकेत त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. ज्यांच्या पिशवीत गोळ्यांचा डबा असतो आणि ज्यांना तेच औषध दोन नावांनी दोनदा घेण्याचा धोका असतो, त्यांनाच हा वर्ग शिकवतो आहे; तेव्हा टोप्यांच्या आणि पायमोज्यांच्या शब्दांवर चार पाने खर्च करण्याऐवजी हे एक पान घालायला हवे होते.

गाडीच्या सुट्या भागांचा तास तिसऱ्या रकान्यामुळेच रंगला. मागच्या सामानाच्या कप्प्याला ब्रिटिश ‘बूट’ म्हणतात, अमेरिकन ‘ट्रंक’ आणि आपण ‘डिकी’. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर अशा चाकांचा धंदा सुरू झाला, त्या रस्त्याचे हे नाव. आज लीड्समध्ये कोणाला स्टेपनी मागितली तर तो चकित होईल, आपल्याकडे द्वारका चौकातला पंक्चरवाला चटकन काढून देईल.

‘होमली’ या शब्दावर बाईंनी घाईने पडदा टाकला, तरी तो सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये तो घरगुती, आपलासा अशा अर्थाने येतो, आपल्या विवाहविषयक जाहिरातींत घर सांभाळणारी सुशील मुलगी या अर्थाने, आणि अमेरिकेत दिसायला बेताची या अर्थाने. मुलाच्या लग्नाच्या वेळी आम्ही संकेतस्थळावर काय लिहिले होते, ते आठवून आम्ही दोघांनीही बाईंकडे पाहण्याचे टाळले.

सेवेच्या बाजूने सांगायचे तर पाचवा वर्ग दोनदा पुढे ढकलला गेला आणि त्याची सूचना दोन्ही वेळा सकाळी आठनंतर आली, तोवर इंदिरानगरहून येणारी मंडळी रिक्षात बसलेली होती. ध्वनिमुद्रणे ऐकवण्याचा स्पीकर एकदाच चालला. त्यामुळे शब्द कळले, तरी ते तिकडची माणसे कसे उच्चारतात हे कळले नाही. स्पर्धापरीक्षा किंवा व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांना इथे काही मिळणार नाही. नातवंडांकडे तीन महिन्यांसाठी निघालेल्या जोडप्यांनी मात्र नाव घालावे, फक्त पुस्तिकेवर विसंबू नये. जाड वही न्यावी आणि पहिल्याच दिवशी तिच्यात तीन रकाने आखावेत.

आमच्या वहीतील शेवटची नोंद पत्नीच्या अक्षरात आहे. ‘कॉट’ हा शब्द आपल्या खाटेवरूनच इंग्रजांनी नेला. ब्रिटनमध्ये ते तान्ह्या बाळाचे कठडे लावलेले अंथरूण, अमेरिकेत घडीचा सैनिकी पलंग, तिथल्या बाळाचे अंथरूण म्हणजे ‘क्रिब’, आणि आपल्याकडे आजोबांची लोखंडी कॉट. त्याच आठवड्यात मुलीने फोनवर विचारले की आई, नव्या कॉटसाठी गोधडी शिवशील का, तेव्हा पत्नीने आधी मापे मागवली.