डीबगएफएस : खराब सेक्टरवर कुठली फाइल होती, हे सांगणारं टूल

ईटूएफएसप्रॉग्ज पॅकेजबरोबर डीबगएफएस येतं, म्हणजे ईएक्सटी४ फाइलसिस्टिम वापरणाऱ्या बहुतेक लिनक्स मशीनवर ते आधीपासूनच असतं. तरी त्याला हात लावणारे कमीच. एका कामासाठी मात्र ते प्रत्येक अ‍ॅडमिनला यायलाच हवं.

समजा, कर्नलच्या लॉगमध्ये सेक्टर १०२४२०५६ वर रीड एरर दिसली. हा आकडा अख्ख्या डिस्कच्या सुरुवातीपासून, ५१२ बाइटच्या हिशेबात असतो. पार्टिशन सेक्टर २०४८ पासून सुरू होत असेल तर तेवढे वजा करा आणि ४ केबी ब्लॉकसाठी ८ ने भागा. ब्लॉक आला १२८०००१. (मध्ये एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा वाटून देणारा वेगळा थर, असेल तर ही वजाबाकी पुरत नाही.) आता ‘टेस्टबी’ने ब्लॉक वापरात आहे का ते बघा, मोकळा असेल तर कुठलीच फाइल गेलेली नाही. वापरात असेल तर ‘आयचेक’ आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) नंबर देतं, ‘एनचेक’ त्यावरून पूर्ण पाथ. ब्लॉक वापरात, पण आयचेकला आयनोड सापडत नाही, असं झालं तर बहुधा आयनोड टेबल किंवा बिटमॅपलाच (काय वापरात आहे याच्या नोंदीलाच) धक्का लागलाय. तिथे फाइल शोधत बसू नका. दोन्ही कमांड मोठ्या डिस्कवर वेळ खातात, म्हणून सगळे ब्लॉक (एनचेकला आयनोड) एकदमच द्या.

नवखे हमखास अडकतात ते कंसात. ‘स्टॅट’ आणि ‘डंप’ला आयनोड <१३१०८> असा टोकदार कंसात द्यावा लागतो, नाहीतर ते त्या नावाची फाइल शोधतात. एनचेकला मात्र नुसता आकडा.

डिलीट झालेली फाइल परत आणायला हे टूल घेऊ नका. डिलीट झालेल्या आयनोडची यादी देणारं ‘एलएसडेल’ जुन्या ईएक्सटी२ वर कामाचं होतं. ईएक्सटी३ पासून डिलीट करतानाच आयनोडमधले ब्लॉकचे पत्ते पुसले जातात, त्यामुळे यादी सहसा रिकामीच येते.

सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) गेला असेल तर ‘-एस ३२७६८ -बी ४०९६’ देऊन बॅकअप प्रतीवरून उघडा. माउंट असलेल्या पार्टिशनवर मिळणारं उत्तर शिळं असू शकतं, कारण डीबगएफएस थेट डिव्हाइस वाचतं आणि ताजे बदल अजून कर्नलच्या कॅशमध्ये असतात. डीफॉल्ट मोड रीड-ओन्ली आहे, ही फार चांगली सोय. ‘-डब्ल्यू’ लावलंत की ‘सीएलआरआय’सारखी कमांड काहीही न विचारता आयनोड पुसते. लिहायचंच असेल तर आधी अनमाउंट, सोबत ‘-झेड’ने अनडू फाइल, आणि शेवटी ‘ईटूएफएससीके -एफ’ने तपासणी.