१५०-६०० टेलिफोटो: सागरेश्वर ते मसाई मारा, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

चित्त्याची मादी आणि तिची पिल्लं टिपायची, एवढ्यासाठीच ही १५०-६०० मिमी लेन्स, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी झूम, घेतली. आधी आमच्या सांगलीकडच्या सागरेश्वर अभयारण्यातल्या काळविटांवर आणि भिलवडीजवळ कृष्णेच्या मगरींवर हात बसवला, मग केनियातलं मसाई मारा. आता एक पावसाळाही अंगावर काढून झालाय तिचा, तेव्हा खोक्यावर छापलेलं सोडून बोलतो.

वजन दोन किलोच्या आसपास. हातात धरून थोडा वेळ जमतं, पुढं खांदा बोलायला लागतो. जीपमध्ये ट्रायपॉड म्हणजे नुसती अडचण, लेन्स टेकवायला बीन बॅगच हवी, म्हणजे धान्य भरलेली पिशवी. मी सांगलीतच शिवून घेतली आणि शाळू भरला. महिन्याभरात पोरकिडे झाले, ते घरच्यांनी ऐकवलंच! प्रवासात मात्र ती रिकामी न्यायची आणि तिथं तांदूळ भरायचा, कारण नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत सगळं सामान मिळून साधारण १५ किलोच चालतं. भडंग नेणार असाल तर डब्यात न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांना केनियात २०१७ पासून बंदी आहे.

चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून पूर्ण झूमवर, ६०० ला, एफ/६.३ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं ते लहान, उजेड कमी) चालून जातं. पण पिल्लांची मस्ती असते ती उजाडताना, आणि तिथं ही लेन्स कमी पडते. शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवलं तर पंजे हललेले येतात, तेवढं वेगात ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ३२०० च्या वर जातो. फोटोत दाणे येणार हे धरूनच चालायचं.

फोकसचं सांगायलाच हवं. साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लांच्या मानेवर-पाठीवर लांब करडे केस असतात, वाळल्या गवतात बेमालूम मिसळणारे. कॅमेरा आईचा डोळा झटक्यात पकडतो आणि पिल्लू पुढं आलं की गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. मी आय डिटेक्शन (कॅमेऱ्यानं आपोआप डोळा शोधणं) बंद करून फोकसचा एकच पॉइंट ठेवला, तेव्हा कुठं जमलं. आई वारुळावर चढून चौफेर बघत बसलेली, दवानं भिजलेले केस अंगाला चिकटलेलं एक पिल्लू तिच्या शेपटीचं टोक चावतंय. अशा वेळी आई आणि पिल्लू दोघंही नेटके हवेत, तर एफ/८ लावा. ३० मीटरवर ६०० ला जेमतेम मीटरभर खोलीच धारदार येते.

ऊन चढलं की लांबचं सगळं थरथरतं. त्याला कुठलीच लेन्स पुरी पडत नाही, महागडीही नाही. मार्चमधलं सागरेश्वर आठवा.

आता मूळ मुद्दा. ६०० चा खरा उपयोग जीप मागं ठेवता येते हा आहे. माराबद्दल २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात एका वेळी झालेल्या पिल्लांपैकी सरासरी ०.२ स्वतंत्र होईपर्यंत जगली, कमी गर्दीच्या भागात २.३. सिंह, तरस आहेतच; पण गाड्यांचा गराडा पडला की मादीची शिकार हुकते, आणि पिल्लं उपाशी. आमच्या ड्रायव्हरनं लांबच इंजिन बंद केलं. शेजारच्या गाडीतून 'अजून जवळ, अजून जवळ' चाललेलं. थोड्या वेळानं मादीनं पक्ष्यासारखी बारीक चिवचिव केली आणि पिल्लं गवतातून आमच्या बाजूनं बाहेर आली. माझे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच.

आपल्याकडं ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की फडाभोवती मोबाईल घेऊन जत्रा भरते, वनखात्याचे लोक हात जोडून मागं सारतात. तिथं ६०० लागत नाही, घरी जायला लागतं.

तक्रारी दोन. झूम करताना नळी पुढं येते आणि आत धूळ ओढते. माराच्या मातीनंतर एक ठिपका आत बसला, सर्व्हिस सेंटरनं बरेच आठवडे लेन्स ठेवून घेतली आणि ठिपका तिथंच. दुसरी, खांद्यावर उलटी लटकवली की नळी आपोआप घसरते, लॉक लावायची सवय करा.

फक्त पक्ष्यांसाठी घेत असाल तर हलकी ४०० मिमीसुद्धा पुरते, मायणीच्या तळ्यावर मी तीच वापरतो. लांब थांबायची तयारी असेल तर ही घ्या, आणि जमलं तर आधी पुण्यात भाड्यानं घेऊन बघा.